वैमानिकांच्या जुन्या बचाव-साहित्याचा संग्रह करताय? या चुका टाळा

विमान पडल्यावर समुद्रात, जंगलात किंवा शत्रूच्या मुलखात वैमानिक तग धरून राहावा, यासाठी दिलेलं हे साहित्य. त्यातलं बरंचसं एकदाच वापरण्यासाठी बनवलेलं होतं. नवे संग्राहक नेमकं हेच विसरतात आणि वस्तू हातात पडली की पहिला उद्योग करतात तो ‘चालते का बघू’.

दुसऱ्या महायुद्धातलं फुगवायचं जीवरक्षक जाकीट, म्हणजे वैमानिकांच्या बोलीत ‘मे वेस्ट’, हे याचं नेहमीचं उदाहरण. दोरी ओढली की छोट्या नळकांड्यांतला कार्बन डायऑक्साइड सुटतो. ऐंशी वर्षं घडी पडून राहिलेलं रबर तो दाब सोसत नाही, घडीवरच फाटतं. तोंडाने फुंकूनही बघू नका. आम्लरहित टिश्यू पेपर आत सैल भरा आणि जाकीट सपाट ठेवा. नळकांडी भरलेली असेल तर वेगळी काढून थंड जागी ठेवा, आणि ती हवाई टपालाने मागवू नका.

‘गिब्सन गर्ल’ नावाच्या रेडिओचा मोह याहून मोठा. जर्मन यंत्रावरून उचललेला हा अमेरिकी ट्रान्समीटर मांड्यांमध्ये घट्ट धरता यावा म्हणून कमरेत निमुळता केलेला. हँडल फिरवलं की ५०० किलोहर्ट्झवर एसओएस आपोआप जायचं. हँडल फिरवून बघायला कोणाला आवडणार नाही? पण फिरवताच आत शेकडो व्होल्ट तयार होतात आणि जुने कपॅसिटर जातात. एरियल वर नेण्यासाठी पतंग किंवा हायड्रोजनचा फुगा असे. फुग्यासाठी दिलेल्या सीलबंद डब्यात पाण्याशी गाठ पडताच हायड्रोजन सोडणारं रसायन असतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात असा गंजका डबा घरात ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

शीतयुद्धकाळातला पीआरसी-९० हा वैमानिकांचा बचाव-रेडिओ घेतलात तर बॅटरी लावून त्याचा बीकन, म्हणजे आपोआप जाणारा संकटसंकेत, सुरू करू नका. तो २४३ मेगाहर्ट्झवर बोलतो. उपग्रहांनी ही वारंवारता ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं असलं, तरी लष्करी विमानं ती आजही ऐकतात. तुमच्या गॅलरीतून गेलेला संकटसंदेश कोणी गंमत म्हणून घेणार नाही. न वापरलेल्या फ्लेअरबद्दल, म्हणजे संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या नळकांडीबद्दल, तर चर्चाच नको. ती जिवंत स्फोटकं आहेत. संग्रहात रिकामी कवचंच घ्या. जुन्या प्रथमोपचार पेटीत मॉर्फीनची ट्यूब निघाली तर ‘सेट अपुरा राहील’ म्हणून ती ठेवून घेऊ नका. तिथे अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा लागू होतो.

आता होकायंत्र आणि घड्याळं. अंधारात दिसावं म्हणून त्यांच्या काट्यांना आणि आकड्यांना रेडियम मिसळलेला रंग दिलेला असे. ‘अंधारात चमकत नाही, म्हणजे रेडियम संपलं’ हा समज सर्रास ऐकू येतो आणि तो साफ चुकीचा आहे. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं. थकतं ते त्यातलं झिंक सल्फाइड, किरणोत्सर्ग चालूच असतो. काच उघडून काटे पुसायला जाऊ नका, कारण सुटलेली भुकटी श्वासातून आत जाणं हाच खरा धोका. काच फुटलेला नग स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या. धड नगही झोपायच्या खोलीत नको, हवेशीर जागी ठेवा.

नकली मालात ब्लड चिट आघाडीवर. ‘या वैमानिकाला मदत करा’ असं स्थानिक भाषेत सांगणारी ही चिठ्ठी. चीन-बर्मा-भारत आघाडीवरच्या अमेरिकी वैमानिकांच्या चिठ्ठ्यांना मागणी फार, त्यामुळे नकलाही उदंड. धागा जाळून बघायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. अतिनील टॉर्च मारा. नव्या कापडात आणि दोऱ्यात उजळ करणारी रसायनं असतात, ती निळसर पांढरी चमकतात. अर्थात अस्सल जुनं कापडही आधुनिक पावडरने धुतलेलं असलं की चमकतं, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. शत्रूच्या मुलखातून निसटण्यासाठी दिलेल्या ‘रेशमी’ नकाशांचंही तसंच. अमेरिकी नकाशे बहुतेक रेयॉनचे असत, तेव्हा रेशीम नाही म्हणून नकली ठरवणं चूक. ब्रिटिश नकाशांच्या शाईत ती कापडावर पसरू नये म्हणून पेक्टिन मिसळलेलं असे. धुणं आणि इस्त्री दोन्ही वर्ज्य.

‘संपूर्ण सेट’ असा शब्द दिसला की आधी तारखा वाचा. जाकीट १९४४ चं आणि फ्लेअरवर १९६८ असेल, तर खिसे नंतर भरलेले आहेत. व्हिएतनामकाळातल्या अमेरिकी लेबलवरच्या करार क्रमांकात साल दडलेलं असतं: डीएसए-१००-६७ म्हणजे १९६७. कॅमिलस या अमेरिकी कंपनीच्या बऱ्याच वैमानिक सुऱ्यांवर महिना आणि साल मुठीच्या टोकालाच कोरलेलं असतं. ही सुरी चामड्याच्या म्यानात ठेवू नका, गंजते.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त घोळ घालते ती समुद्रात टाकायच्या खुणेच्या रंगाची पुडी. आत फ्लोरेसिन, कोरडं असताना नारिंगी-लाल, ओल लागली की झगझगीत हिरवं. पुडी दुहेरी झिप पिशवीत, सिलिका जेलसह, कापडी वस्तूंपासून दूर ठेवा. सांडलंच तर ओलं फडकं अजिबात लावू नका, चिमूटभर रंगात अख्खं कपाट रंगेल. पंखा बंद करा, मास्क लावा, मऊ ब्रशने भुकटी कागदावर गोळा करा, आणि ब्रश कागदासकट टाकून द्या.