घारापुरीच्या डोंगरावर जायचंय? आधी परतीची लाँच ठरवा

मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर, म्हणजे एलिफंटाला, जाऊन आलेल्या दहा जणांना विचारा, नऊ जण लेण्यांचं सांगतील. लेण्यांच्या डोक्यावर डोंगर आहे आणि त्यावर ब्रिटिशांच्या काळातल्या दोन अवाढव्य तोफा अजून आहेत, हे बहुतेकांना लाँचमध्ये परत बसल्यावर कळतं. उंचीचं म्हणाल तर सह्याद्रीत फिरणारा हसेल. बेटावर दोन टेकड्या, दोन्ही दीडशे मीटरच्या आसपास, पूर्वेकडची थोडी जास्त. पण राजमाचीला उशीर झाला तर गावात पथारी टाकता येते. इथे शेवटची लाँच सुटली की चहूबाजूंनी पाणी, आणि पर्यटकांना रात्री मुक्कामाची परवानगी नाही. म्हणून हा बेत माथ्यापासून आखायचा नाही. परतीच्या लाँचपासून उलटा आखत यायचं.

पहिलं काम दिवस ठरवण्याचं. सोमवार सोडा, लेणी बंद असतात. रविवारी गर्दी उसळते, लाँचला रांग लागते आणि त्यात तुमचा सकाळचा गार तास जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने उत्तम. मार्चपासून काळा कातळ तापतो, घामाने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात डोंगर हिरवागार दिसतो हे खरं, पण हवा बिघडली की लाँच रद्द होतात आणि वाटेवर शेवाळ असतं. बेट सुंदर दिसतं म्हणून जुलैत जाऊ नका, एवढं माझं स्पष्ट मत.

आता तिथी. हे वाचून काहींना वाटेल, डोंगर चढायला पंचांग कशाला? आम्ही अलिबागकर. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं आणि पाणी भरायच्या आत परतायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. आजोबांनी शिकवलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. म्हणजे पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमाराला भरती, आणि मधली ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. शुद्ध असो वा वद्य, हिशेब तोच. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे होतो, नेमकी वेळ हवी तर मुंबई बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक मोबाइलवर बघा.

याचा डोंगराशी संबंध काय? पौर्णिमा-अमावस्येला भरती येते दुपारी बाराच्या आगेमागे. म्हणजे संध्याकाळी साडेपाच-सहाला, नेमकी परतीच्या गर्दीच्या वेळी, तळ गाठलेली ओहोटी. आणि तीही उधाणाची. त्या दिवसांत मुंबई बंदरात पाणी चार-साडेचार मीटर खालीवर होतं. धक्क्याच्या एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या उघड्या पडतात, शेवाळाने बुळबुळीत झालेल्या आणि कडेला कालवं, म्हणजे धारदार शिंपले, चिकटलेल्या. एका पौर्णिमेला आम्ही माथ्यावर रेंगाळलो. 'साडेपाचला शेवटची' असं सकाळी सांगितलं होतं, ती लाँच भरली म्हणून सव्वापाचलाच सुटायला लागली. धावत आलो, मामेभाऊ खालच्या पायरीवर घसरला आणि आधाराला हात टाकला तो कालवांवर. तळहात उभा चिरला. खलाश्याने बकोटीला धरून वर ओढलं म्हणून बरं. तेव्हापासून आम्ही अष्टमी-नवमीच्या आसपासचा दिवस धरतो. भांगाच्या त्या दिवसांत पाण्याचा चढउतार कमी असतो, लाँचमध्ये चढणं-उतरणं सोपं जातं.

दिवस ठरला, आता घड्याळ. गेटवेहून लाँच सकाळी नऊच्या सुमाराला सुरू होतात. अंतर दहा-अकरा किलोमीटर, वेळ साधारण एक तास. आम्हाला आधी मांडव्याहून गेटवेला यावं लागतं, त्यामुळे पहिली लाँच बहुधा हुकते. मुंबईकरांना ती सबब नाही. परतीला चारची लाँच धरा, साडेपाचची नव्हे. तिथून मागे मोजत या. पावणेचारला धक्क्यावर. लेण्यांच्या पायथ्यापासून धक्का जवळजवळ एक किलोमीटर, म्हणजे सव्वातीनला पायऱ्या उतरून खाली. जेवणाला पाऊण तास, लेण्यांना दीड तास. डोंगराला चढणं, थांबणं, उतरणं धरून दीड तास पुष्कळ झाला. म्हणजे साडेअकराला तरी तुम्ही चढायला लागलेलं हवं. नऊची लाँच मिळाली तर अकरालाच लागाल, आणि मधला अर्धा तास गाठीला राहील.

क्रम मात्र उलटा करू नका: आधी डोंगर, मग लेणी. सगळे आधी लेण्यांत शिरतात, तिथे रमतात आणि भर दुपारी चढायला निघतात. लेण्यांत गारवा असतो, दुपार तिथेच काढावी. सहाव्या शतकातल्या त्या सदाशिवासमोर घामेजलेलं बसायला जे बरं वाटतं, ते सकाळी ताजंतवानं असताना नाही.

धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी झुकझुक गाडी आहे. चालाच, ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंच्या चिखलात बगळे दिसतात. मग सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्हीकडे माळा-मूर्तींची दुकानं. पायऱ्या संपल्या की तोफेची वाट विचारा. पाटी शोधत बसू नका. काकड्या-कैऱ्या घेऊन बसलेल्या मावशींपैकी कुणीही सांगेल. मागच्या वेळी मी विचारलं, "मावशी, तोफेकडं कुठनं?" तर आधी माझ्या हातातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बघून म्हणाल्या, "वाट सांगते, पण ती पिशवी आधी आत घाल." माकडं. हातात दिसणारी पिशवी, पाण्याची बाटली, वेफर्सचं पाकीट, सगळं त्यांचं. चेनची पाठपिशवी घ्या, खाणं आत ठेवा आणि वर माथ्यावर काहीही उघडू नका. जेवण खाली उतरूनच.

पाणी माणशी दोन लिटर. पायथ्याशी विकत मिळतं, वाटेवर वर काही नाही. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत. वाळलेल्या पानांवरून उतरताना पाय सटकतो. सुती बाह्यांचा सदरा, टोपी, पंचा. काठीची गरज नाही, माकडांसमोर मात्र ती हातात असली की बरं वाटतं.

चढ सोपा आहे, अर्धा तास. वर तोफा एकेका गोल चौथऱ्यावर आहेत, फिरवता याव्यात अशी बैठक. त्यांच्यापेक्षा मला समोरचं दृश्य जास्त आवडतं. एका अंगाला न्हावा-शेव्याच्या क्रेन, उत्तरेला २०२४ च्या जानेवारीत सुरू झालेला जवळजवळ बावीस किलोमीटरचा अटल सेतू, पश्चिमेला जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, त्यापलीकडे धुरकट मुंबई. इतक्या जवळ असूनही या बेटावर समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. त्याआधी संध्याकाळी काही तास जनरेटर चाले.

पूर्वेची टेकडी म्हणजे स्तूपाची टेकडी. त्या अंगाला बौद्ध लेणी आणि विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. तिकडे वर्दळ कमी, वाट झाडीत हरवते. दोन्ही टेकड्या एकाच दिवशी करायच्या असतील तर लेणी सोडावी लागतील, आणि गावातलं कुणी सोबत घ्या. शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर या तीन वस्त्यांत वाट माहीत असलेली माणसं भेटतात. पैसे आधी ठरवा, म्हणजे दोघांनाही संकोच नाही.

लाँचमध्ये लाइफ जॅकेट घाला, अंगावर बांधून, मांडीवर ठेवून नव्हे. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर नौदलाच्या स्पीडबोटीने प्रवासी लाँचला धडक दिली आणि माणसं गेली. गेटवेला आणि बेटावरही लाँच एकीला एक लावून उभ्या करतात, त्यामुळे एका लाँचमधून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. तेव्हा मोबाइल खिशात आणि दोन्ही हात मोकळे. खलाशी हात पुढे करतो, तो धरा, लाजू नका.

तिकीट जायचं-यायचं एकच असतं. चढताना घामाने त्याचा लगदा होतो, म्हणून लाँचमध्ये बसल्या बसल्याच त्याचा फोटो काढून ठेवा आणि कागद पाकिटात सारा. परतीला खलाशी तोच कागद मागतो.