बाप कामाला गेलेल्या लेकरांना सिंड्रेला सांगताना

दिवाळी आटोपली की बाप वीटभट्टीवर जातो, लेकरू आजीजवळ राहतं. अशा लेकरांसाठी सिंड्रेलाच्या गोष्टीचा, जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंचा १८५७ चा पाठ (म्हणजे गोष्टीचं तेव्हा छापलेलं रूप) घ्या. त्यात बाप जिवंत आहे. जत्रेला निघताना तो विचारतो, काय आणू? सिंड्रेला म्हणते, परतताना तुमच्या टोपीला लागेल ती पहिली डहाळी. तो ती आठवणीनं आणतो. घरात मात्र लेक राखेत निजते तरी गप्प राहतो.

सुरुवात डहाळीपासूनच करा. कडुलिंबाची वीतभर डहाळी लेकराच्या हातात द्या, दहा मिनिटांत गोष्ट आटपा. मग विचारा, "टोपीले डहाळी लागली तवा बापाले काय आठवलं असन?" आणि थांबा. उत्तर तुम्ही देऊ नका.

बापाला दुष्ट केलं की लेकरू त्याची बाजू घेतं आणि ऐकणं सोडतं. त्याहून मोठी चूक म्हणजे शेवटी "बाबा लवकरच येतात" जोडणं: लेकरू खरंच एसटीच्या फाट्यावर जाऊन बसतं. त्यापेक्षा बाप तिकडे कुठं निजतो, काय रांधतो, ते गोष्टीत घाला. बाप वारलेल्या लेकराला हा पाठ गटात सांगू नका.