बुलेटचं हँडल बदलताय? आधी केबल तपासा, मग पाइप घ्या

हँडल बदलण्याचं काम पान्ह्यांपेक्षा मोजमापाचं जास्त आहे. जुना पाइप काढून नवा बसवणं एका दुपारचं काम. पण दिसायला आवडलं म्हणून उंच हँडल आणलं आणि क्लचची केबल तोकडी पडली, की गाडी तशीच उघडी राहते. म्हणून खरेदीच्या आधी काय बघायचं ते सविस्तर सांगतो. उदाहरण रॉयल एनफिल्डच्या क्लासिक 350 चं घेतलंय, पण डिस्क ब्रेक असलेल्या साध्या हँडलच्या कुठल्याही गाडीला हीच पद्धत चालते.

सुरुवात आपल्या शरीरापासून करा. गाडी मधल्या स्टँडवर लावून नेहमीसारखे बसा, डोळे मिटा आणि हात सहज पुढे न्या. मुठी जिथे थांबतील त्याच्या जवळपास नवं हँडल यायला हवं. खांदे दुखत असतील तर हँडल थोडं मागे वळलेलं घ्या. मनगटावर भार येत असेल तर थोडं उंच. हायवेवर छातीवर वारा येतो म्हणून सपाट हँडल हवं असेल तर तेही बरोबर आहे, फक्त ते टाकीला लागणार नाही ना, हे बघावं लागेल. हात खांद्यांच्या वर जातील इतकं उंच हँडल मी कुणालाच सुचवणार नाही. अचानक वळवायची वेळ आली तर त्यावर नीट ताबा राहत नाही.

मग पाइपची जाडी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना, क्लासिकलाही, 22 मिमीचा पाइप लागतो. हार्लेसारख्या क्रूझरना 25.4 मिमीचा, तर काही ॲडव्हेंचर गाड्यांच्या जाड हँडलचा मधला भाग 28.6 मिमी असतो. जाडी जुळली नाही तर क्लॅम्पमध्ये, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या पकडीत, पत्रा घालून भागवू नका. दुकानात जाताना जाडी मोजायचं व्हर्नियर खिशात ठेवा. पुण्यात नाना पेठेत गेलात तर दुकानदार मोजू देतात.

आता केबल पुरेल का, याची परीक्षा. क्लॅम्पचे चार बोल्ट सोडा, जुनं हँडल उचला आणि नवं जितकं उंच असेल तितके लाकडी ठोकळे त्याखाली ठेवा. एकाने हँडल धरायचं, दुसऱ्याने त्याच्याबरोबर चाक आधी डावीकडे आणि मग उजवीकडे शेवटपर्यंत वळवायचं. क्लचची केबल, रेसची केबल, ब्रेकचा पाइप आणि स्विचच्या वायरी या चारही ठिकाणी थोडी ढील उरली पाहिजे. एकही ताणली गेली तर लांब केबल आणि लांब ब्रेक पाइपचा खर्च आधीच धरा. ब्रेकचा पाइप बदलायचा झाला तर त्यात शिरलेली हवा काढावी लागते. ते काम पूर्वी केलं नसेल तर मेकॅनिककडेच द्या.

प्रत्यक्ष काम सुरू करताना बॅटरीची निगेटिव्ह तार काढा आणि टाकीवर जाड चादर टाका. केबल कुठून कशी गेली आहे याचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. आरसे, मग ग्रिप. ग्रिपच्या आत बारीक स्क्रू ड्रायव्हर सरकवून साबणाचं पाणी सोडलं की ती फिरवत काढता येते. मास्टर सिलिंडर, म्हणजे हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी, सोडल्यावर तो उभाच राहील असा दोरीने बांधा. उलटा लोंबकळला तर पाइपात हवा शिरते, आणि त्यातलं ऑइल रंगावर सांडलं तर रंग उडतो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

स्विच उघडलात की आतल्या बाजूला एक छोटी खुंटी दिसेल. जुन्या पाइपला तिच्यासाठी भोक असतं, नव्याला बहुधा नसतं. बरेच जण ती खुंटी कापून टाकतात. कापू नका, कारण रेस पिळताना स्विचची अख्खी डबी पाइपवर फिरायला लागते. त्याऐवजी नवं हँडल हलकं कसून गाडीवर बसा आणि स्विच हाताला येतील तसे धरा. खुंटीच्या टोकाला पांढऱ्या रंगाचा ठिपका लावून पाइपवर दाबा. जिथे खूण उमटेल तिथे आधी पंच मारा, नाहीतर क्रोमवरून ड्रिल घसरतं. मग खुंटीच्या मापाचं भोक पाडा, तेही पाइपच्या एकाच भिंतीला. कीस पुसून टाका, भोकाच्या कडा घासा.

क्लॅम्प कसताना मॅन्युअल समोर हवं. काही गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण कसून फट मागे ठेवतात, काहींत दोन्हीकडे सारखी. चारही बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. एम 8 (8 मिमी जाडीच्या) बोल्टला साधारण 20 ते 25 न्यूटन मीटर लागतात, पण मॅन्युअलमधला आकडाच अंतिम. जोर लावून आटे गेले तर अख्खी वरची टी, म्हणजे ज्यावर हँडल बसतं तो वरचा भाग, बदलावी लागते.

सगळं जोडून झालं की चाचणी. हँडल दोन्ही टोकांना वळवून बोटं टाकी आणि हँडलमध्ये चिमटत नाहीत ना, बघा. इंजिन बंद ठेवून, हँडल डावीकडे, सरळ आणि उजवीकडे असताना रेस सोडा; ती प्रत्येक वेळी आपोआप परत आली पाहिजे. त्यानंतर गाडी न्यूट्रलमध्ये आयडलवर ठेवून हँडल हळूहळू दोन्ही बाजूंना फिरवा. इंजिनचा आवाज जराही चढला तर रेसची केबल ताणली जातेय. अशी गाडी रस्त्यावर काढायची नाही, कारण यू टर्न घेताना ती आपोआप पळेल. क्लचला थोडा मोकळा खेळ आहे आणि पुढचा ब्रेक दाबल्यावर लिव्हर घट्ट लागतेय, याचीही खात्री करा.

पहिली फेरी गल्लीतच मारा. परत आल्यावर चारही बोल्ट पुन्हा तपासा, आणि काही दिवस चालवल्यावर आणखी एकदा.

कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. म्हणून खरेदीआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या. जुनं हँडल भंगारात देऊ नका. तेल लावून, कागदात गुंडाळून ठेवा. गाडी विकताना बरेच गिऱ्हाईक मूळ हँडलच मागतात.