दाणेदार जुन्या छतावर गुळगुळीत जिप्समचा गिलावा

मुंबईच्या उपनगरांतील जुन्या सोसायट्यांच्या घरांत आजही दाणेदार छते दिसतात. कुठे स्पंजने उठवलेले पीओपीचे ठसे असतात, कुठे सिमेंटचा रवाळ फवारा, तर कुठे रोलरने काढलेला जाड टेक्स्चर रंग. शटरिंगच्या फळ्यांच्या खुणा आणि स्लॅबचा उंचसखलपणा झाकण्याचा तो त्या काळचा सोपा उपाय होता. आता त्याच दाण्यांत धूळ व कोळिष्टके अडकतात, पंख्याभोवती काळपट वर्तुळ उमटते आणि कितीही रंग दिला तरी खोली जुनीच वाटते. अशा छतावर गुळगुळीत थर देता येतो. मात्र नवा थर ज्या जुन्या थराला चिकटणार आहे, त्याच्याइतकाच तो टिकतो, त्यामुळे या कामातला मोठा वेळ प्रत्यक्ष गिलाव्यापेक्षा तपासणीत आणि तयारीत जायला हवा.

सर्वप्रथम छत कोरडे आहे की नाही, हे निश्चित करावे. पिवळे-तपकिरी डाग, फुगलेला रंग, पांढरी खारट बुरशीसारखी पूड किंवा वरच्या घराच्या न्हाणीघराखाली कायम राहणारी ओल यांपैकी काहीही दिसत असेल, तर काम तिथेच थांबवावे. पाण्यात भिजलेले जिप्सम मऊ पडते, त्यामुळे गळतीवर घातलेला थर एका पावसाळ्यात डागाळतो आणि पुढे सुटतो. गळतीचा खर्च कोणाचा, यावरून सोसायट्यांत वर्षानुवर्षे वाद चालतात. महाराष्ट्रातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून झिरपणाऱ्या पावसाच्या पाण्याने सर्वांत वरच्या मजल्याच्या छताचे प्लास्टर बिघडले, तर त्याची दुरुस्ती संस्थेने करायची असते, आणि वरच्या घराच्या संडास-न्हाणीघरातून होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित सदस्यांकडे जातो. हा प्रश्न कागदावर मिटवूनच गवंड्याला बोलवावे.

दुसरी तपासणी कानाने करायची आहे. घोडीवर चढून थापीच्या लाकडी मुठीने फूटभर अंतरावर छत हळूच ठोकत जावे. घट्ट जागी आवाज भरीव येतो, सुटलेल्या जागी पोकळ येतो. पोकळ भागाभोवती खडूने रेघ ओढावी. सरळ रेषेत गेलेली चीर आणि तिच्या कडेला गंजाचा लालसर ओघळ दिसला, तर आतली सळई गंजून फुगली आहे आणि काँक्रीटचे आवरण ढकलत आहे, असे समजावे. समुद्राच्या खाऱ्या हवेत हा प्रकार लवकर होतो. त्यावर गुळगुळीत गिलावा फिरवणे म्हणजे धोका नजरेआड करणे होय. तिथे संरचना अभियंत्याला दाखवावे, सैल काँक्रीट काढून सळई घासावी, गंजरोधक लेप द्यावा आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने जागा भरून घ्यावी. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ ब प्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, त्यामुळे इमारतीचा अहवाल सोसायटीच्या कार्यालयात असण्याची शक्यता आहे. तो आधी वाचावा.

छत कोरडे आणि घट्ट निघाले, तरी वरचा रंग कोणता आहे हे पाहावे लागते. ओले बोट घासल्यावर पांढरी पूड लागली, तर तो चुना किंवा साधा डिस्टेंपर आहे, आणि तो पूर्ण खरवडल्याशिवाय पुढे जाऊ नये. हा नियम मी स्वतः किंमत मोजून शिकलो. कारागीर म्हणाला, ‘वरून बाँडिंग (थर चिकटवणारे द्रावण) मारतो, खरवडायची गरज नाही,’ आणि मीही मान डोलावली. पुढच्या जुलैत पोळपाटाएवढा तुकडा जेवणाच्या टेबलावर पडला. त्याच्या मागच्या बाजूला जुना डिस्टेंपर सालीसारखा चिकटलेला होता. बाँडिंगने आपले काम चोख केले होते, फक्त ते चुकीच्या थराला चिकटले होते.

खरवडताना छत पाण्याच्या फवाऱ्याने ओलसर ठेवावे, म्हणजे धूळ उडत नाही. अमेरिकेतल्या १९७० च्या दशकापर्यंतच्या अनेक टेक्स्चर छतांत ॲस्बेस्टॉस असे, म्हणून तिकडच्या व्हिडिओंत प्रयोगशाळेतील चाचणीवर इतका भर असतो. आपल्याकडची दाणेदार छते बहुधा सिमेंट, वाळू किंवा पीओपीची असतात, पण जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) सक्तीची मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली. त्याआधीचे थर कोरडे घासू नयेत, मास्क आणि चष्मा लावावा, लहान मुलांना त्या दिवसांत दुसरीकडे ठेवावे. सगळे दाणे काढण्याची गरज नसते. पत्र्याने टोके उडवून उंचवटे दोन-तीन मिलिमीटरवर आणले, सुटणारे सगळे पाडले आणि स्वयंपाकघराचे तेलकट छत धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडे केले, की पुरते.

त्याआधी अर्थातच खोली रिकामी करावी, एमसीबी बंद करून पंखा उतरवावा आणि लाद्यांवर जाड प्लास्टिक अंथरावे, कारण लादीवर घट्ट झालेले जिप्सम काढताना ओरखडे पडतात. पंख्याचा हुक उघडा असेल तर तो घासून त्यावर गंजरोधक प्रायमर लावावा. दमट जिप्समला लागलेले साधे लोखंड गंजते आणि तो डाग रंगातूनही वर येतो. राडारोड्याच्या गोण्या जिन्याखाली साठवण्याऐवजी महापालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ सेवा वापरावी.

साहित्याबद्दल कारागिरांत दोन तट आहेत. पीओपी, म्हणजे भाजून पाणी काढलेले जिप्सम, फार लवकर घट्ट होते. कोपऱ्याच्या नक्षीला आणि पनिंगला, म्हणजे गुळगुळीत करणाऱ्या पातळ थराला, ते उत्तम. संपूर्ण छतासाठी मात्र मी तयार जिप्सम प्लास्टर निवडेन, कारण त्यात घट्ट होणे लांबवणारे घटक असतात आणि कारागिराला सपाटी साधायला वेळ मिळतो. दहा बाय बाराच्या खोलीला सरासरी सहा मिलिमीटर थरासाठी २५ किलोच्या तीन गोण्या हिशेबाने लागतात, दाण्यांतील खळगे आणि नासाडी धरून चार आणाव्यात. वॉल पुट्टीचे जाड थर देऊन हेच काम स्वस्तात करण्याचा मोह टाळावा. व्हाइट सिमेंटची पुट्टी एकूण दीड मिलिमीटरपर्यंतच्या जाडीसाठी असते, त्यापुढे तिला तडे जातात. न्हाणीघराच्या छतावर जिप्सम घालूच नये, तिथे सिमेंटवर आधारित माल वापरावा.

आता सपाटी पाहावी. भिंतींवर पाण्याच्या नळीने, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने, एक आडवी रेघ आखून तिथपासून छताची उंची आठ-दहा ठिकाणी मोजावी. फरक बारा मिलिमीटरच्या आत असेल तर गिलाव्याने भागते. त्याहून जास्त झोल असेल, तर छत अगदी पातळीत आणण्याचा हट्ट सोडून डोळ्याला सपाट दिसेल इतकेच करावे, किंवा उंची परवडत असल्यास फॉल्स सिलिंगचा विचार करावा. डोक्यावर जितका जाड थर, तितका तो सुटण्याचा धोका अधिक.

वाळूचे बारीक कण असलेला जिप्समसाठीचा बाँडिंग एजंट रोलरने सर्वत्र एकसारखा लावावा आणि डब्यावर सांगितलेल्या वेळेइतका वाळू द्यावा. हात फिरवल्यावर तो बारीक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागला पाहिजे. त्यानंतर चार-पाच फुटांवर जिप्समचेच ठिय्ये, म्हणजे थराची जाडी ठरवणारे छोटे ठिपके, देऊन ते ॲल्युमिनियमच्या पट्टीने एका प्रतलात आणावेत.

माल कालवताना स्वच्छ बादलीत आधी पाणी घ्यावे आणि त्यात पावडर भुरभुरत सोडावी. २५ किलोला साधारण १५ ते १७ लिटर पाणी लागते, तरी गोणीवर छापलेले प्रमाण अंतिम मानावे. बादलीत आधीचा घट्ट झालेला माल राहिला, तर नवा माल झपाट्याने आवळतो, कारण जुने स्फटिक नव्या स्फटिकांना बीज पुरवतात. एकदा आवळू लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो मऊ करणे ही साइटवर सर्रास दिसणारी चूक आहे. तसा माल दिसायला लोण्यासारखा असतो, पण वाळल्यावर नखाने खरवडला जातो. घरमालकाने उभे राहून पाहण्यासारखा प्रसंग असेल, तर तो हा.

पहिला हात गुरमाळ्याने (गिलावा सपाट करण्याच्या हत्याराने) जोर देऊन दाण्यांच्या खळग्यांत दाबावा, म्हणजे आत हवा राहत नाही. तो आवळण्याच्या आत दुसरा हात देऊन ठिय्यांवरून पट्टी ओढावी आणि राहिलेले खळगे भरावेत. बोटाने दाबल्यावर ठसा उमटतो पण माल बोटाला चिकटत नाही, अशी वेळ आली की ओलसर गुरमाळा मोठ्या कमानीत फिरवून पृष्ठभाग घोटावा. जिप्समला सिमेंटसारखे पाणी मारायचे नसते, त्याला वाळवायचे असते.

वाळणे हे हंगामावर अवलंबून आहे. गणपती गेले की दिवाळीच्या आधी घर रंगवण्याची मुंबईत घाई उडते आणि नेमक्या त्याच वेळी पावसाने भिजलेल्या भिंती व स्लॅब अजून ओल धरून असतात. शक्य असेल तर हे काम नोव्हेंबरच्या मध्यापासून मेपर्यंत करावे. खिडक्या उघड्या ठेवून किमान आठवडाभर थांबावे, आणि करड्या ओलसर छटेऐवजी सगळीकडे सारखा पांढरेपणा आल्यावर दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने रात्रभर चिकटवून पाहावा. सकाळी त्याच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर रंगाऱ्याला आणखी काही दिवसांनी यायला सांगावे.

कारागिराचा शेवटचा हप्ता देण्याआधी रात्री खोलीतले दिवे मालवून एक बल्ब भिंतीलगत, छताच्या जवळ धरावा. तिरक्या प्रकाशात प्रत्येक लाट आणि गुरमाळ्याची रेघ सावली टाकते. त्या जागा पेन्सिलने खुणावून पुट्टीचे दोन पातळ हात एकमेकांना आडवे द्यावेत आणि वाळल्यावर १८०, मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासावेत. धूळ पुसून प्रायमर लावावा आणि वर मॅट रंगच द्यावा, कारण चकचकीत रंग उरलेसुरले दोष उठवून दाखवतो. रोलरचा शेवटचा हात खिडकीकडून खोलीच्या आतल्या दिशेने मारावा, म्हणजे त्याच्या रेघा उजेडाच्या दिशेने जातात आणि दिसत नाहीत. पंखा परत चढवताना त्याची वाटी नव्या थरावर दाबून आवळू नये, मधे कागदाची घडी जाईल इतकी फट ठेवावी.