खाऱ्या पाण्याची रीफ टाकी : मुंबईत पैसे आधी कशावर घालायचे

हातात थोडे पैसे आले की घरी काचेच्या टाकीत समुद्री कोरलं (प्रवाळं) आणि मासे ठेवणाऱ्या रीफ टाकीवाल्यांची पहिली नजर लाइटवर जाते. मुंबईच्या हवेत ही घाई नडते. मे महिन्यात दुपारी तीन वाजता टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं, की कितीही भारी लाइट असला तरी खाली पांढरी पडलेली कोरलंच दिसणार.

कुठलीही वस्तू घेण्याआधी दोन प्रश्न विचारा. ती नसली किंवा बंद पडली तर किती तासांत नुकसान होईल? आणि तिचं काम हाताने भागवता येईल का? जे काम रविवारी बादली घेऊन करता येतं ते थांबू शकतं. तुम्ही ऑफिसात किंवा लोकलमध्ये अडकलेले असताना जे बिघडतं, त्याला आधी पैसे.

पुढचे आकडे ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीचे आहेत. काचेच्या मापाने ती १९० लिटरची भरते. दगड आणि वाळू वजा केली की खरं पाणी साधारण १५० लिटर उरतं. तुमची टाकी वेगळी असेल तर त्या प्रमाणात हिशेब करा.

आधी ठरवा, ठेवायचं काय

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे आहेत. क्रॉफर्ड मार्केटात कोणी हळू आवाजात ‘लोकल पीस’ म्हणून दाखवला तरी हात लावू नका. मेलेल्या प्रवाळाचे तुकडे ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकत घेणंही त्यातच येतं. सिरॅमिकचा किंवा सिमेंटचा बनवलेला कोरडा दगड घ्या. परदेशातून आलेला जीव असेल तर आयातीचे कागद मागा, नसतील तर सोडून द्या.

याचा खर्चाशी थेट संबंध आहे. मश्रूम, झोअँथिड, लेदर अशा मऊ कोरलांना ५० ते १०० पार (प्रकाश मोजायचं माप) एवढा प्रकाश पुरतो. ३०० पारचा लाइट आणि तीन डोक्यांचा डोसिंग पंप (ठरलेली द्रावणं आपोआप टाकणारा) लागतो तो कठीण कोरलांना. मऊ कोरलांची टाकी ठरवली, की यादीतल्या दोन महाग गोष्टी आपोआप मागे सरकतात.

पाणी : घरच्या आरओला एक जोड

मुंबईला पाणी येतं ते भातसा, तानसा, वैतरणा या धरणा-तलावांतून आणि ते मुळात मऊ असतं. पण उन्हाळ्यात सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळलं की टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कुठल्या कुठे जातो. म्हणून टीडीएस मीटर पहिला. तो स्वस्तही असतो.

पिण्याच्या आरओचं पाणी तसंच वापरू नका. त्यात चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळायची सोय असते, वर मिनरल कार्ट्रिज असतं. मेंब्रेनमधून (आरओचा गाळणारा पडदा) निघालेली नळी या दोन्हींच्या आधी टी जोडून बाहेर काढा आणि तिला उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचं एक कार्ट्रिज लावा. बाहेर पडणारं पाणी शून्य टीडीएस दाखवायला हवं. मेंब्रेनच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे मोजा: आत १०० आणि बाहेर १० पेक्षा जास्त येत असेल तर मेंब्रेन संपलंय, आणि ते न बदलता डीआय भरत बसलात तर रेझिन भराभर संपेल. गच्चीच्या टाकीवरून येणाऱ्या पाण्याला वरच्या मजल्यांवर दाबच नसतो (दहा मीटर उंचीमागे जेमतेम एक बार), त्यामुळे बूस्टर पंप हवाच. घरच्या आरओत तो बहुतेक वेळा असतो.

जुहू-गिरगावचं समुद्राचं पाणी फुकट आहे, पण त्यात सांडपाणी आहे आणि पावसाळ्यात खारटपणाही घसरतो. त्याच्या वाटेला जाऊ नका. पाकिटातलं मीठ लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम पडतं; मिसळून, रात्रभर पंप फिरवून, मग रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायचं उपकरण) हजारात ३५ भाग आलेत का पाहा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणावर जुळवा. आरओच्या पाण्यावर शून्य जुळवलेला रिफ्रॅक्टोमीटर वरच्या टोकाला दोन-तीनने चुकू शकतो.

उष्णता : इथे सगळ्यात जास्त पैसा जाणार

लक्ष्य २५ ते २७ अंश. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये बंद खोली ३१-३२ वर असते, वर पंप आणि लाइटची उष्णता. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: खाऱ्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम, ३० अंशांना ६.२. जिवांची भूक मात्र वाढलेली असते.

पहिली पायरी म्हणजे १२ व्होल्टचे, १२० मिलिमीटरचे दोन संगणकाचे पंखे, संपवर (टाकीखालची दुसरी छोटी टाकी) किंवा टाकीच्या काठावर तिरके लावून. झाकण काढावं लागेल, मग मासे उडी मारू नयेत म्हणून जाळी बसवा. एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ ०.६७ युनिट उष्णता घेऊन जातं. दिवसाला ३ लिटर उडाले तर २ युनिट, म्हणजे चोवीस तास चालणाऱ्या ८०-८५ वॉटच्या पंपांची उष्णता निघून गेली. पंखे स्वतः खातात पाच-सहा वॉट.

पण पंख्याला मर्यादा आहे, आणि ती मुंबईत फार लवकर येते. हवा दमट असेल तर वाफ कमी होते. कोरड्या जानेवारीत ३-४ अंश पडतात. मे अखेरीस आणि पावसाळ्याच्या उघडिपीत १-२ अंश पडले तरी खूप. पुण्यातल्या मित्राचं ‘पंख्यावर निभतं’ हे खरं असेल, ते इथे लागू नाही.

पंख्याबरोबर ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) लगेच घ्या. १५० लिटरमधून रोज ३ लिटर गोडं पाणी उडालं तर ३५ चा खारटपणा दुसऱ्या दिवशी ३५.७ आणि तिसऱ्या दिवशी ३६.५ होतो. तुम्ही शनिवार-रविवार गावाला गेलात की संपलं. सेन्सर ऑप्टिकल असावा आणि वर जोडीला फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा), कारण गोगलगाय अडकून फ्लोट वर सरकला नाही की पंप थांबत नाही. म्हणूनच साठ्याचं भांडं १० लिटरचंच ठेवा: सगळं ओतलं गेलं तरी खारटपणा ३३ च्या आसपास येईल. २० लिटरचं ठेवलंत तर थेट ३१. नळीचं तोंड पाण्याच्या वर असू द्या, नाहीतर पंप थांबल्यावरही सायफन चालूच राहतो.

मग थर्मोस्टॅट. एसटीसी-१००० सारखा साधा नियंत्रक पुरतो. पंखे २६.५ ला सुरू होऊ द्या, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) २७.५ ला, फरक अर्ध्या अंशाचा. असं केलं की वर्षातले बरेच महिने चिलर झोपून राहतो आणि बिल वाचतं.

चिलर हीच यादीतली सगळ्यात महाग वस्तू, आणि तरीही लाइटच्या आधी. या मापाला एक दशांश हॉर्सपॉवर चालतो. खोली पश्चिमेची आणि तापणारी असेल तर एक पायरी वरचा. तो टाकीची उष्णता काढून खोलीतच टाकतो, म्हणून बंद कॅबिनेटमध्ये कोंबला तर स्वतःचीच गरम हवा ओढत तासन्‌तास चालत राहील. मागे आणि बाजूला वीतभर जागा सोडा.

हीटर मात्र मुंबईत बहुतेकांनी घेऊच नये. एसीच्या खोलीत टाकी असेल तरच, आणि तोही थर्मोस्टॅटमधून. चालू स्थितीत अडकलेला हीटर एका रात्रीत टाकी उकळतो.

वीज

मुंबईत दिवे क्वचित जातात म्हणून लोक गाफील राहतात. १२ ऑक्टोबर २०२० ला ग्रिड कोसळलं तेव्हा शहराचे कित्येक भाग तासन्‌तास अंधारात होते. वीज गेल्यावर आधी संपतो तो प्राणवायू. पाच व्होल्टचा एक हवेचा पंप, १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि लॅमिंग्टन रोडला मिळणारा २३० व्होल्ट कॉइलचा रिले एवढ्यात काम होतं. पंपाची वायर रिलेच्या एनसी (कॉइलला वीज नसताना जोडलेल्या) टोकातून न्या: वीज असेपर्यंत तो बंद, गेली की आपोआप सुरू. दोन वॉटचा पंप रात्र काढतो. काही पॉवर बँका कमी भार दिसला की आपोआप बंद होतात, तेव्हा आधी तासभर चालवून पाहा. घरात इन्व्हर्टर असेल तर शुद्ध साइन वेव्हचा आहे ना ते बघा. चौकोनी लहरीवर एसी पंप गुरगुरतात आणि तापतात.

३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) आणि नीट अर्थिंग याला पर्याय नाही. मिठाचं पाणी वायरवरून ओघळतं, म्हणून प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका देऊन मग वर न्या.

संप असेल तर रिटर्न पंप (संपमधलं पाणी वर टाकीत नेणारा) मुद्दाम बंद करून संप ओसंडत नाही ना ते बघा. या टाकीत पातळी दीड सेंटिमीटर उतरली तरी सहा लिटर खाली येतात, वर पाइपमधलं पाणी. सायफन तुटावा म्हणून रिटर्नच्या नळीला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली ६ मिलिमीटरचं भोक पाडा आणि ते दर महिन्याला साफ करा. चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका. एक शेवाळाचा धागा अडकला तरी तो गळतो.

जे थांबू शकतं

वेव्हमेकर (टाकीत प्रवाह खेळवणारा पंप) या गटात सगळ्यात आधी. मऊ आणि मिश्र टाकीला तासाला २० पट, म्हणजे ३००० लिटर प्रवाह; एका मोठ्यापेक्षा समोरासमोर दोन लहान बरे, एक बंद पडला तरी दुसरा असतो.

स्किमरशिवाय (फेसातून घाण काढणारं यंत्र) दोन-तीन लहान मासे आणि आठवड्याला २० लिटर पाणी बदल यावर टाकी छान चालते. त्याला महिन्याला सुमारे तीन किलो मीठ लागतं. मासे वाढवायचे असतील तेव्हा स्किमर घ्या.

डोसिंग पंपाआधी अल्कलिनिटीचा (कोरलं सांगाड्यासाठी वापरतात त्या कार्बोनेटचं माप) टेस्ट किट. आठवडाभर रोज एकाच वेळी मोजा. दिवसाला ०.३ डीकेएचपेक्षा (अल्कलिनिटीचं एकक) कमी खर्च असेल तर पाणी बदलाने भागतं. त्याहून थोडा जास्त असेल तर खाण्याचा सोडा. १५० लिटरला १ डीकेएच वाढवायला ४.५ ग्रॅम सोडा लागतो, आरओच्या पाण्यात विरघळवून, वेव्हमेकरसमोर हळूहळू. सोडा घ्यायचा, बेकिंग पावडर नव्हे.

लाइट शेवटी. नवा लावल्यावर निम्म्या ताकदीवर सुरू करा आणि दर आठवड्याला ५ ते १० टक्के वाढवा. एकदम पूर्ण दिलात तर उन्हाळा निभावलेली कोरलंही आठवड्यात पांढरी पडतात. वायफायचे कंट्रोलर वगैरे त्याच्याही नंतर.

जुनं सामान

कुर्ल्याच्या बाजारात किंवा ओळखीतून जुना स्किमर, पंप, संप घ्यायला हरकत नाही. चुन्याचा थर सायट्रिक अ‍ॅसिडच्या कोमट द्रावणात तासभर ठेवला की निघतो. आरओचं मेंब्रेन मात्र नवंच. ज्या टाकीत औषध म्हणून तांबं घातलं होतं तिथले दगड आणि वाळू फुकट मिळाली तरी नको. जुना चिलर घेताना २० लिटरच्या बादलीवर समोर चालवून घ्या: अर्ध्या तासात ३ अंश तरी उतरायला हवेत. आणि आतलं कॉइल टायटॅनियमचं आहे याची खात्री करा. गोड्या पाण्याच्या काही जुन्या चिलरमध्ये ते तांब्याचं असतं, आणि तांबं कोळंबी आणि कोरलांना अगदी थोड्या प्रमाणातही मारतं.