मसाज कराच, पण फाइलीत ती एक ओळ लिहून घ्या

पेरिनियल मसाज म्हणजे बाळंतपणात फाटणं आणि टाके कमी व्हावेत म्हणून योनीमार्ग आणि शौचाची जागा यांच्या मधल्या भागाला आधीपासून करायचा मसाज. नखं कापा, हात धुवा, हे सांगायला नको. हा मसाज गरोदरपणाचे चौतीस-पस्तीस आठवडे झाल्यावरच सुरू करायचा, तोही डॉक्टरांना विचारून. वार (प्लासेंटा) खाली असेल, अंगावरून रक्त किंवा पाणी जात असेल, खाज किंवा संसर्ग असेल, दिवस भरण्याआधी कळा येण्याची भीती असेल, तर अजिबात नाही.

आणि विचारायला जालच, तर तिथेच दुसरंही विचारा: कट, म्हणजे बाळ बाहेर येताना त्याच जागी दिला जाणारा छेद, कधी देता? उत्तर फाइलीत लिहून घ्या. पहिल्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं. मसाज नेमाने झाला, सासरच्या डॉक्टरांशी बोलणंही झालं, पण बाळंतपण माहेरी. तिथे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ओटीभरणानंतर माहेरी जाणार असाल तर तिथल्या डॉक्टरांशी पुन्हा बोला, आणि पुन्हा लिहून घ्या.

तेल साधं, खोबरेल किंवा बदामाचं. वासाचं केशतेल किंवा व्हॅसलीन नको. गरम पाण्याची आंघोळ झाल्यावर उशीला टेकून, गुडघे दुमडून बसा. पहिल्यांदा समोर आरसा धरा, जागा नीट कळते. अंगठा तीन-चार सेंटिमीटर आत घालून दाब खाली, शौचाच्या जागेकडे द्यायचा, मग दोन्ही बाजूंना. वर लघवीच्या जागेकडे कधीच नाही, तिथे जळजळ किंवा संसर्ग होऊ शकतो. चांगला ताण जाणवला की मिनिटभर तसंच धरून श्वास सोडत राहा. त्या वेळी खालचा भाग आवळला जातो, तो मुद्दाम सैल सोडायचा. खरा सराव याचाच आहे. मग अर्धगोलात हळूहळू चोळा. पाच-दहा मिनिटं झाली की बस. ताण येणारच, पण दुखायला लागलं तर थांबा. आठवड्यातून एक-दोनदा पुरतं, रोज केल्याने जास्त फायदा होतो असं नाही. पोट आडवं येऊन हात पोचत नसेल तर नवऱ्याला करायला सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

याने टाके टळतीलच असं नाही. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात साधारण पंधरा जणींनी मसाज केला तर एकीचे टाके वाचतात असं दिसलं, आणि फायदा मुख्यतः पहिलटकरणींना. मला तेवढंही पुष्कळ वाटतं. पण कट द्यायचा की नाही हे ठरतं लेबर रूममध्ये, म्हणून पुन्हा सांगते, फाइलीत लिहून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या शिफारशींत सरसकट कट देऊ नये असं स्पष्ट म्हटलंय, ते डॉक्टरांना खुशाल विचारा. बाळाचे ठोके उतरले किंवा चिमटा (फोर्सेप्स) लावायची वेळ आली तर कट लागू शकतो, तिथे हट्ट नको. "गरज असेल तरच कट" एवढी ओळ पुरे. रात्रपाळीला कोण असेल सांगता येत नाही. तुमच्या डॉक्टर नसल्या तरी फाइल तिथे असते.

त्याच ओळीखाली शेकाचंही लिहून घ्या. जोर लावायच्या वेळी तिथे कोमट ओल्या कापडाचा शेक दिला तर गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटण्याचा धोका कमी होतो. मऊ स्वच्छ कापडं पिशवीत टाका. सोबत येणाऱ्या आईला किंवा जावेला फाइलीतलं आधी वाचून दाखवा, कळांमध्ये तुम्हाला बोलता येणार नाही. जमेल तर कुशीवर झोपून जोर लावा. डोकं दिसू लागलं आणि सिस्टर "थांब" म्हणाल्या की जोर सोडून तोंडाने हाहा करत श्वास घ्या. डोकं सावकाश यायला हवं.

नंतरचं थोडक्यात. पॅड, भरपूर पाणी, शौचाला खडा होऊ द्यायचा नाही, पुसताना पुढून मागे. ताप आला, टाक्यांना घाण वास आला, किंवा हवा-शौच रोखता येईना, तर सव्वा महिना संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.