वाफेचे इंजिन मळवण्याआधी: चाके फिरवण्याची सोय झाली का?

गेल्या खेपेस १:८७ प्रमाणाच्या एका मॉडेल इंजिनावर, ते खरे वाटावे म्हणून, रंगाने धूळ, काजळी आणि गंज चढवण्यात माझे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी ते रुळावर ठेवून चाक पाव फेरा सरकवले, तर आऱ्यांवर साइड रॉडची, म्हणजे चाकांना एकमेकांशी जोडणाऱ्या दांड्याची, कोरी, काळी करकरीत सावली दिसली. फवारणीच्या वेळी चाके एकाच जागी उभी होती आणि रॉडच्या आडोशाला रंग पोहोचलाच नव्हता. त्यामुळे यादीत पहिले काम हेच: फवारणी चालू असताना चाके फिरत राहिली पाहिजेत आणि ती फिरवण्याची सोय एअरब्रश हातात घेण्यापूर्वी टेबलावर मांडलेली असली पाहिजे.

सोय फार मोठी नाही. फोममध्ये खाच करून इंजिन उलटे निजवावे आणि १२ व्होल्टच्या कंट्रोलरच्या दोन तारा दोन्ही बाजूंच्या वीज घेणाऱ्या चाकांना टेकवून गती अगदी मंद ठेवावी. काही मॉडेल टेंडरच्या, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, चाकांतून वीज घेतात. आपले कुठून घेते, हे आधी पाहून ठेवावे. एवढे जमत नसेल, तर हलका फवारा, पाव फेरा, पुन्हा फवारा, असे चार वेळा करावे. पण चाके स्थिर ठेवून एका दमात काम उरकू नये.

छायाचित्रे जमवताना संग्रहालयातल्या चकचकीत इंजिनांवर विसंबू नये. नोकरीत असलेल्या इंजिनाची, दोन्ही बाजूंची छायाचित्रे हवीत. काजळी वरून बसते, म्हणजे बॉयलरच्या पाठीवर आणि कॅबच्या छपरावर. ब्रेकची तपकिरी धूळ खाली, चाके आणि फ्रेमवर असते. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि इंजेक्टरखाली (बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन) पाण्यातल्या क्षारांचे पांढरे ओघळ येतात. रॉडवर मात्र गंज चढवू नये, कारण तिथे रोज तेल पडते. तिथे तेलकट काळी चकाकी हवी.

जोडकामासाठी धारदार पाते, चिमटा आणि ०.५ मिमीचे ड्रिल लागते. साच्यातच ओतलेले कठडे खरवडून त्यांच्या जागी ०.४ मिमीची पितळी तार बसवावी. ती १:८७ च्या हिशेबाने सुमारे ३५ मिमी भरते, म्हणजे मुठीत मावणारा कठडा होतो. त्याहून जाड तार लावल्यास बॉयलरला नळाची पाइपलाइन जोडल्यासारखे दिसते. कानसकाम चालू असताना मोटार उघडी ठेवू नये, कारण तिच्यातला लोहचुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो आणि तो पुन्हा काढणे म्हणजे शिक्षाच. खिडक्यांच्या काचा आधीच काढून ठेवाव्यात. सुपरग्लूच्या वाफेने पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढुरकी साय धरते.

त्यानंतर वरचे आवरण कोमट साबणाच्या पाण्याने धुवावे, पूर्ण वाळू द्यावे आणि पुढे बोटे लावू नयेत. रॉडवरचे तेल पुसून घ्यावे, कारण तेलावर रंग धरत नाही. उजेड, मास्क, उघडी खिडकी: हे सांगायला नको.

मूळ रंगासाठी निखळ काळा घेऊ नये. एवढ्या लहान आकारावर तो जड दिसतो आणि सारे बारकावे गिळतो, त्याऐवजी गडद राखाडी बरा. अ‍ॅक्रिलिकवर चमकदार वॉर्निशचा थर द्यावा, मगच व्हाइट स्पिरिटने पातळ केलेला एनॅमल रंग सांध्यांत आणि रिव्हेटांभोवती सोडावा. वॉर्निश गुळगुळीत असल्याने रंग कडांशी सरकतो आणि जास्तीचा पुसताही येतो. हे झाले की धुळीच्या फवाऱ्याची पाळी येते, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: तारा जोडल्या का, चाके फिरतात का? मी त्या वेळी मनात म्हटले होते, ‘एवढ्याने काय होते’. पुढचे वर सांगितलेच आहे.

फवारा थांबताच चाकांच्या धावा आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसाव्यात, नाहीतर रंगाच्या थराने वीज अडते आणि इंजिन जागचे हलत नाही.

उरलेले थोडक्यात. मॅट वॉर्निश. पिगमेंटची पूड त्यानंतर, कारण वॉर्निशखाली ती जवळजवळ नाहीशी होते. टेंडरमध्ये कोळसा. रॉडच्या सांध्यांना सुईच्या टोकाने तेलाचा एकेक थेंब. शेवटी काचा.